नेमबाजाची नाडी

बिरदेव कोळेकर ‘ईस’ म्हणाला, की त्याची बायको मायाक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

डॉक्टरबाईंचा सवाल ठरलेला असे. “हवालदारसाहेब, शून्य ते शंभरात सांगा, आत्ता किती त्रास होतोय?” शून्य म्हणजे घरच्या ओट्यावर बसल्यासारखं आणि शंभर म्हणजे जीव जायची वेळ. आणि डोळ्यांवर काळं झापड चढवलेला बिरदेव ताठ उभा राहून म्हणणार, “ईस, म्याडम.” घाटातला अंधार दाखवला, वीस. गाड्यांचा ताफा दाखवला, वीस. कानाशी टायर फुटल्याचा आवाज केला, तरी वीसच. एका भावावर अडून बसलेल्या दुकानदारासारखा हा गडी एका आकड्यावर अडून बसला होता. दुसऱ्या कुणाला त्याचं कौतुक वाटलं असतं. पण मायाक्काने या माणसाबरोबर संसार केला होता. दाढ किडून गाल सुजला तरी हा ‘बरं हाय’ म्हणणार, पायाला टाके पडले तरी ‘बरं हाय’. असल्या माणसाला त्रासाचा आकडा विचारायचा म्हणजे कमालच होती.

सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. खिडकी लावून घेतली तरी मागच्या बोळातल्या यंत्रमागांची खडखड आत येई. खोलीत एक संगणक, एक मोठा पडदा आणि मधोमध रबरी सतरंजी. ज्याला डॉक्टर हेडसेट म्हणत त्याला मायाक्का झापड म्हणे, कारण बैलाच्या डोळ्यांना बांधतात त्याचीच तिला आठवण यायची. फरक एवढाच, की बैलाला झापड बांधलं की काही दिसत नाही आणि बिरदेवला बांधलं की नको ते सगळं दिसायचं. सरहद्दीवरचा रस्ता, नाका, माणसं. मान वळवली तर मागचंसुद्धा. फौजेतून परत आलेल्यांना जे सोसवत नाही तेच इथे बंद खोलीत थोडं थोडं दाखवायचं, म्हणजे त्याची धास्ती झिजत जाते, असं डॉक्टर बुद्धप्रियांनी समजावून सांगितलं होतं. बाई सोलापूरच्याच, वडील रेल्वेत होते त्यांचे. बोलणं साधं आणि ऐकणं लक्ष देऊन. मायाक्काला त्या पहिल्या दिवशीच आवडल्या होत्या.

बिरदेवच्या उजव्या हातात यंत्राची एक मूठ द्यायचे. तिच्यावर अंगठा दाबला की तो त्या दृश्यात पुढे चालायचा. तर्जनीखालीही एक कळ होती. “ती कळ या उपचारात बंद ठेवलीय. दाबली तरी काही होत नाही,” असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या हाताच्या बोटाला चिमटा असे आणि त्यातून नाडीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उमटे.

“ताई, तुम्ही इथेच बसायचं,” डॉक्टर मायाक्काला म्हणाल्या होत्या. “मला आकडे दिसतात, पण माणूस तुम्ही ओळखता. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा. भीडभाड धरू नका.”

मायाक्काने मान डोलावली होती. आणि त्या दिवसापासून ती तोंडाला कुलूप लावून बसली होती.

सांगण्यासारखं नव्हतं असं थोडंच होतं? होतं की. पण ज्या घरात ती वाढली आणि ज्या घरात ती नांदली, त्या दोन्ही घरांत नवऱ्याचं उणं परक्यापुढे काढणाऱ्या बाईला कुणी बाई म्हणत नसत.

ती गोष्ट उन्हाळ्यातली. कुंभारी गावातल्या घरापुढे लिंबाखाली बिरदेव लोकर कातत बसला होता. फौजेतून आल्यावर त्याने बापाची चाती माळ्यावरून काढली होती. धनगराच्या गड्याचा हात रिकामा राहत नाही. मेंढरामागं चालताना, पारावर गप्पा मारताना, चाती आपली गरगरत असते. बिरदेवची तर फारच सुरेख फिरायची, धागा म्हणून तुटायचा नाही. मायाक्का घरात भाकरी थापत असली तरी दारातून चातीवर डोळा ठेवून असे. चाती फिरतेय म्हणजे माणूस घरात आहे, एवढं तिला कळलं होतं.

त्या दुपारी हमरस्त्यावर मालट्रकचा टायर फुटला. मायाक्का दचकून दारात आली. बिरदेव मात्र दचकला नव्हता. चाती मातीत पडली होती आणि तो दगडी कुंपणाआड पालथा झाला होता, मेंढरं हाकायची काठी खांद्याला लावून. काठीचं टोक बांधाकडे. आणि बांधावरून त्यांची लेक सोनम येत होती, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन. काठीचं टोक तिच्या चालीबरोबर हळूहळू सरकत होतं. मग बिरदेवचं बोट आखडलं.

“आबा, काय खेळताय वो!” सोनम लांबूनच हसली. भारा टाकून घरात गेली, पाणी प्याली, विसरली.

मायाक्काने मात्र नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. तो चिडलेला असता, घामाघूम असता, थरथरत असता, तर ती एवढी घाबरली नसती. तो शांत होता. देवळातल्या दगडासारखा शांत. थोड्या वेळाने तो उठला, चाती पुसली आणि पुन्हा कातायला बसला. त्या दिवसाबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

ज्या स्फोटानंतर बिरदेव असा झाला, तो होऊन गेल्याला बरीच वर्षं झाली होती. तिला त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. नाक्यावर स्फोट झाला, याच्या तुकडीतली दोन माणसं गेली, हा वरच्या मोर्च्यात दुर्बिणीच्या बंदुकीवर होता, याला ओरखडाही उठला नाही. बस्स, एवढंच. पलटणीतला पहिल्या नंबरचा नेमबाज, पण उभ्या नोकरीत माणसावर गोळी झाडली नाही, असं लोक कौतुकाने सांगत.

आता त्याला नोकरी चालून आली होती. चिंचोळी एमआयडीसीत, जिथे सोनम टॉवेल बांधायच्या खात्यात कामाला होती, तिथेच मोठ्या गेटवर बंदूकधारी पहारेकऱ्याची जागा. लेकीनेच शब्द टाकला होता. कंपनीची अट एकच, फौजीला बंदूक द्यायची तर डॉक्टरचा दाखला हवा. शेवटच्या दृश्यात बिरदेव न ढळता उभा राहिला तर डॉक्टर तो दाखला देणार होत्या. आणि गेल्या महिन्यापासून बिरदेव बदलला होता. केस कापून आला, जुने बूट चकाकवले, जेवताना लेकीशी बोलू लागला. कित्येक वर्षांनी मायाक्काला आपला नवरा हसताना ऐकू येत होता. ते हसू आपल्या हाताने मोडायचं? तिचा जीव होईना.

आज तोच शेवटचा दिवस होता.

“आज गेटचं दृश्य आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पाळी सुटलीय, बायामाणसं बाहेर पडतायत, गर्दी आहे, आवाज आहेत. तुम्ही फक्त उभं राहायचं. थांबावंसं वाटलं की हात वर करा.”

“व्हय, म्याडम.” बिरदेवने चाती मायाक्काच्या ओटीत ठेवली आणि झापड चढवलं.

पडद्यावर मायाक्कालाही तेच दिसत होतं. एक लांबलचक भिंत, लोखंडी गेट, त्यातून डबे हलवत निघालेल्या बाया. रिक्षांचे भोंगे. कुणीतरी भांडतंय, कुणीतरी हसतंय. एक पोरगं फटाका लावून पळालं. खोलीभर धडाम् आवाज झाला आणि मायाक्काने पदराचं टोक दातात धरलं.

बिरदेव हलला नाही.

“छान,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “किती, हवालदारसाहेब?”

“ईस.”

पडद्याच्या कोपऱ्यात नाडीचा आकडा होता. सुरुवातीला तो नव्वदीत होता. फटाक्याला शंभराला शिवून आला. आता गर्दीतून एक बाई वेगळी निघाली, डोक्यावर मोठं गाठोडं, एका हाताने ते सावरत ती सरळ बिरदेवच्या दिशेने चालू लागली. आणि नाडीचा आकडा उतरायला लागला. पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्तर. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. माणूस निवळतोय, असंच कुणालाही वाटलं असतं.

मायाक्का पडद्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. मागच्या खेपेलाही तिला काहीतरी दिसलं होतं, पण तिने स्वतःची समजूत घातली होती, की बोटाला खाज सुटली असंल. आज तिने डोळे फाडून पाहिलं. बिरदेवने श्वास सोडला, अर्धाच. छाती तिथेच थांबली. मूठ धरलेला हात मांडीपासून इंचभर वर आला. आणि तर्जनी त्या बंद कळेवर हळूहळू, अगदी हळूहळू आवळत गेली. लोण्यातून सुरी जावी तशी.

कळ दबली. पडद्यावरच्या बाईला काही झालं नाही. ती गाठोडं सावरत शेजारून निघून गेली.

नाडी बासष्टवर होती.

“शेवटचं विचारते. किती?”

“ईस, म्याडम.”

झापड निघालं. बिरदेवचा चेहरा कोरडा होता, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. डॉक्टरांनी दिवा लावला आणि मनापासून हसल्या. “हवालदारसाहेब, अभिनंदन. मी दाखला टाइप करते, बसा.” त्या संगणकाकडे वळल्या. बोटाचा चिमटा काढायचा राहूनच गेला. बिरदेव खुर्चीत बसला, बायकोकडे न बघता त्याने हात पुढे केला.

“चाती दे.”

मायाक्काने ओटीतली चाती घट्ट धरली. तिला वाटलं, बोलले तर हा माणूस मला जन्मात माफ करणार नाही. न बोलले तर? न बोलल्याने कदाचित काही होणारही नाही. गेटवर रोज कुठे टायर फुटतात? तिथं साहेब असतील, दुसरे पहारेकरी असतील. घरात चार माणसांसारखं हसणं-बोलणं सुरू झालंय, ते चालू राहील. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं काही कमी पडत नाहीत, आणि मायाक्का तर कित्येक दिवस त्याचा सराव करत होती.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. सोनम.

“आई, झालं का? साहेब इचारत्यात, आबा सोमवारपासनं येतील का म्हणून.”

“लिवत्यात म्याडम,” मायाक्का म्हणाली. आपला आवाज तिला परक्याचा वाटला.

“लई झ्याक! आगं, आणि ऐक की. आज डाग पडलेले सेकंडचे टॉवेल वाटल्यात. भलं मोठं गाठोडं झालंय, डोक्यावरच घ्यावं लागतंय. आता सोमवारपासनं आबा गेटवर असले की मला काय काळजी न्हाय बग. समोरनं मीच येणार रोज, सगळ्यांच्या आधी.”

मायाक्काने फोन कानावरून काढून बंद केला. तिला कडब्याचा भारा दिसला, काठीचं सरकणारं टोक दिसलं आणि नुकतंच पाहिलेलं ते बोट दिसलं. ती उठून उभी राहिली.

“म्याडम, लिवू नका.”

डॉक्टरांचे हात थांबले.

“काय गं?” बिरदेव म्हणाला. आवाज हळू होता, पण त्यात जरब होती. “चल. गाडी चुकंल.”

“लिवू नका म्याडम. ह्यांनी गोळी घातली. आत्ता. त्या गाठोडंवालीला.”

बिरदेव ताडकन उठला. “येड लागलंय हिला. बाईमानसाचं काय ऐकताय म्याडम, हिला यंत्रातलं काय कळतंय? तुमी आकडा बगितला न्हवं?”

“मला यंत्रातलं काय बी कळत न्हाय,” मायाक्का म्हणाली. तिला रडू फुटत होतं आणि रडायला वेळ नव्हता. “मला तुमी कळता. उन्हाळ्यात टायर फुटला तवा तुमी कुंपणामागं पडला हुता. काठी कुणावर धरली हुती, सांगा म्याडमला. सोनमवर. तिच्या डोक्यावर भारा हुता. तिला वाटलं आबा खेळत्यात. मी दारात हुते वो. मी तुमचं बोट बगितलं.”

इतके दिवस बिरदेवने धरून ठेवलेली एकच आशा होती, की ते कुणी पाहिलं नाही. त्याने खुर्चीची पाठ धरली.

“तिला ठावं हाय?” त्याने विचारलं.

“न्हाय.”

“खरं सांग.”

“न्हाय वो. तिच्या गळ्याची आन.”

डॉक्टर उठल्या नाहीत, कागद घेतला नाही. खुर्ची फिरवून त्या फक्त त्याच्या समोर आल्या. “मी नाडी बघून खूश झाले,” त्या म्हणाल्या. “बाई जवळ आली आणि तुमची नाडी उतरली. मला वाटलं भीती गेली. काय झालं होतं, हवालदारसाहेब? मला सांगाल?”

बिरदेव खुर्चीत परत बसला. बोलला तेव्हा तो खालच्या सतरंजीशी बोलत होता.

“नेम धरला की नाडी उतरतीच म्याडम. तसंच शिकवत्यात. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, दोन ठोक्यांच्या मधी बोट दाबायचं. तवा भ्या-बिया काय नसतंय. गडी निस्ता बंदूक हुतो.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “तितं वर, त्या दिवशी एक बाई आली हुती. डोक्यावर मोळी. पोरांनी थांब म्हटलं, थांबंना. माझ्या दुर्बिणीत हुती ती. नेम धरला हुता, श्वास सोडला हुता. आन् मला वाटलं, आमच्या म्हातारीवानी चालतीया. म्हणून थांबलो. मोळीत काय हुतं, ते तुमाला ठावं हाय.”

डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“तवापासनं मी थांबत न्हाय,” बिरदेव म्हणाला. “डोक्यावर वझं घिऊन कुणी आली की आदी मारतो. मनातल्या मनात. मारली की गार वाटतंय. मग तुमी इचारता किती, मी म्हणतो ईस. खोटं न्हाय म्याडम. मारल्यावर ईसच असतंय.”

मायाक्काने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं ती त्या शांत चेहऱ्याला भ्यायली होती आणि त्या चेहऱ्यामागे तो किती बायांना मारत बसला होता! रस्त्यावरच्या, बाजारातल्या, बांधावरच्या. पाण्याची घागर घेऊन तीसुद्धा रोज त्याच्या समोरूनच यायची.

“आणि मारायच्या आधी?” डॉक्टरांनी विचारलं. “ती समोरून येतेय, तुम्ही अजून काहीच केलेलं नाही. तिथे आकडा किती असतो?”

बिरदेवचा जबडा हलत होता. मग त्याचे हात कापू लागले. पडद्याच्या कोपऱ्यातला विसरलेला आकडा चढायला लागला. ऐंशी, शंभर, एकशे वीस. कपाळावर घाम फुटला. पलटणीचा नेमबाज खुर्चीत बसून पानासारखा थरथरत होता. मायाक्का धावली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. कापणारे, ओले, जिवंत हात. त्या थरथरीने तिचा जीव भांड्यात पडला.

“शंभर,” बिरदेव म्हणाला. “शंभर हाय म्याडम. रोज शंभरच हाय.”

“आता आपण तिथून सुरुवात करू,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पडद्यावरचा अर्धवट दाखला पुसून टाकला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. “दाखला आज नाही. वेळ लागेल. पण या खेपेला तुम्ही मला खरं सांगायचं.”

नोकरी गेली होती. ते तिघांनाही कळत होतं. बिरदेवने पाणी प्यायला वेळ लावला, अर्धं सदऱ्यावर सांडलं. मायाक्काकडे त्याने अजून पाहिलं नव्हतं, पण तिच्या हातातले हात त्याने सोडवूनही घेतले नव्हते.

फोन पुन्हा वाजला. मायाक्का उचलणार, तेवढ्यात बिरदेवने तो घेतला. अंगठा दोनदा चुकला.

“आबा?” सोनमचा आवाज खोलीत आला. “काय झालं? आई मधीच बोलायची बंद झाली. सोमवारी येताय न्हवं?”

“न्हाय, बाळा. येत न्हाय.”

“का वो? मी साहेबांना काय सांगू?”

“आबाला अजून बरं न्हाय, म्हणून सांग.” आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते शब्द तोंडाबाहेर काढले होते. त्याने डोळे मिटले. “ऐक. त्ये गाठोडं घिऊन घरला येशील, तवा मी लिंबाखाली बसलेला आसंन.”

“मग?”

“लांबनंच हाक मारत ये. मोठ्यानं. मी ओ देईस्तवर म्होरं येऊ नगं.”

“का?” सोनमने विचारलं. या वेळी ती हसली नाही.

“ये तू,” बिरदेव म्हणाला. “आज सांगतो तुला.”